आठ-दहा नायक आणि वीस पानं: टीम कॉमिकच्या नव्या अंकावर बोलायचं कसं?

प्रश्न: सर, मी राजारामपुरीत राहतो, कॉलेजला आहे. 'जस्टिस लीग अनलिमिटेड'चा पहिला अंक वाचला. आमच्या ग्रुपवर सगळ्यांचं एकच, 'लई भारी, नाद खुळा!' चित्रं मलाही आवडली, पण मी एवढंच लिहिलं की गर्दी जास्त झालीय, कुणाशीच नीट ओळख होत नाही. त्यावर दोघं म्हणाले, तुला कॉमिक कळत नाही. 'एक्स-मेन'च्या नव्या अंकावरही असंच वाजलं. टीमच्या अंकावर मत देताना तुम्ही चित्रकार लोक काय बघता? आणि आपल्या राज कॉमिक्सच्या नागराज-ध्रुवच्या अंकांनाही तेच लागू होतं का?

उत्तर:

कॉमिक तुलाही कळतंय आणि त्या दोघांनाही. ते रेखाटनावर बोलतायत, तू मांडणीवर. दोन्ही एकाच पानावर असतात म्हणून वाद एकाच गोष्टीवर चाललाय असं वाटतं. मी इथं कोल्हापुरात चित्रकथांची पानं काढतो, अक्षरलेखन करतो आणि पोरांना कंपोझिशन शिकवतो, तेव्हा माझं उत्तर मांडणीच्या बाजूला झुकणार हे धरूनच पुढं वाच.

आधी हिशोब मांडू. अमेरिकेतल्या मासिक अंकात गोष्टीची पानं वीस ते बावीस. 'जस्टिस लीग' काढणाऱ्या डीसी या प्रकाशन कंपनीने 2011 च्या सुरुवातीला अंकाची किंमत 2.99 डॉलरवर आणली आणि त्याच वेळी बावीसची वीस पानं केली. पहिल्या अंकाला कधी जास्त मिळतात, ते सोड. पानाला सरासरी पाच पॅनल, म्हणजे चित्रचौकटी, धरल्या तर अंकात शंभर. त्यात एक पानभर चित्र आणि एक दोन पानांवर पसरलेलं चित्र आलं की तीन पानं गेली. उरले पंच्याऐंशी. खलनायकाला वीस तरी लागतात. कोसळणाऱ्या इमारती, पळणारी माणसं, आकाशातून दिसणारं शहर यांना दहा-पंधरा. राहिले पन्नास. आठ नायकांत वाटले तर माणशी सहा. सहा पॅनलमध्ये त्या माणसाचा चेहरा, स्वभाव, ताकद आणि त्याचं आजचं दुखणं बसवायचं. एकट्या नायकाच्या अंकात हे सगळे पॅनल एकाच्याच वाट्याला.

म्हणजे गर्दी या प्रकारात असणारच. 'गर्दी आहे' एवढंच लिहिलंस तर समोरचा चिडतो, कारण तू अंकाबद्दल काहीच सांगितलेलं नसतं. ही गर्दी लेखक-चित्रकारांनी कशी हाताळली, ते सांगायला पाहिजे. आणि ते हाताळायचे मार्ग फार नाहीत. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत चार-पाचच सापडलेत.

पहिला मार्ग सगळ्यात सोपा, खरं तर पळवाटच. 1940 मध्ये 'ऑल स्टार कॉमिक्स'च्या तिसऱ्या अंकात 'जस्टिस सोसायटी' पहिल्यांदा आली, तेव्हा आठ नायक एका टेबलाभोवती बसले आणि एकेकाने आपापली स्वतंत्र गोष्ट सांगितली. प्रत्येकाची गोष्ट त्याच्या-त्याच्या चित्रकाराने काढलेली. टीम फक्त टेबलापुरती. एकत्र लढायचंच नसल्यामुळे गर्दीचा प्रश्नच आला नाही.

त्याच मंडळींची गोष्ट लिहिणाऱ्या गार्डनर फॉक्सने 1960 मध्ये 'ब्रेव्ह अँड द बोल्ड'च्या अठ्ठाविसाव्या अंकात 'जस्टिस लीग' आणली, आणि तिथं दुसरा मार्ग पक्का झाला. सगळे एकत्र भेटतात, दोघा-तिघांच्या तुकड्या होऊन वेगवेगळ्या ठिकाणी जातात, शेवटी परत एकत्र येतात. आजही अर्ध्या अंकांचा सांगाडा हाच असतो. त्या अंकात अजून एक हुशारी आहे. सुपरमॅन आणि बॅटमॅन हे दोघं सगळ्यात लोकप्रिय, पण त्यांना जवळपास बाहेरच ठेवलंय. मुखपृष्ठावरही नाहीत. मोठ्यांना आवरल्याशिवाय मार्शियन मॅनहंटरसारख्यांना जागा मिळत नाही, हे फॉक्सला तेव्हाच कळलं होतं. आजच्या अंकात सुपरमॅनने किती पॅनल खाल्ले, हे मोजायची सवय मला तिथूनच लागली.

तिसरा मार्ग भांडणाचा. 1961 च्या 'फँटास्टिक फोर'मध्ये चौघं एकमेकांवर खेकसतात. माणूस समोरच्याशी कसा भांडतो हे दाखवलं की एका पॅनलमध्ये दोघांची ओळख होते, म्हणजे जागा निम्मी लागते. ही मालिका काढणाऱ्या स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांचं नाव निघालं की लोक वैश्विक कल्पनाशक्तीवर बोलतात. मला मात्र ही काटकसर जास्त महत्त्वाची वाटते.

आणि चौथा मार्ग छाटणीचा, 1975 चा, ज्यावर मी तासभर बोलू शकतो. 'जायंट-साइझ एक्स-मेन'च्या पहिल्या अंकात लेन वीन आणि डेव्ह कॉक्रम यांनी जवळजवळ अख्खी नवी टीम आणली: स्टॉर्म, नाइटक्रॉलर, कोलोसस, थंडरबर्ड, शिवाय आधी इतरत्र येऊन गेलेले वुल्व्हरिन, बॅन्शी, सनफायर. सात जण. पुढं काय झालं बघ. सनफायर मूळ 'एक्स-मेन' मालिकेच्या 94 व्या अंकातच निघून गेला. थंडरबर्ड 95 व्यात मेला. का? टीममध्ये तापट, कुणाचं न ऐकणारे तिघं झाले होते आणि एकाच स्वभावाला तीन खुर्च्या परवडत नव्हत्या. वुल्व्हरिन राहिला. क्रिस क्लेअरमाँटने पुढं 1991 पर्यंत ही मालिका लिहिली, तिचा पाया या छाटणीत आहे. म्हणून नवा अंक वाचताना मी एक प्रश्न स्वतःला विचारतोच: या टीममध्ये एकच काम करणारे दोघं आहेत का? असतील तर एक जण लवकरच जाणार, किंवा पानं फुकट जाणार.

आता चित्राकडे येऊ. माझा खरा जीव इथंच आहे.

शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा फुटबॉल सामना असला की अख्खी गॅलरी चेंडूकडे बघत ओरडत असते. तालमीतली जुनी माणसं मात्र चेंडू नसलेल्या खेळाडूंकडे बघतात: कोण जागा धरून उभाय, कोण उगाच पळतोय, कोण दमलाय. टीमचा अंक तसा वाच. पॅनलमध्ये ठोसा मारणारा नायक कुठलाही बरा चित्रकार चांगलाच काढेल. मागे उभे असलेले चौघं काय करतायत? प्रत्येक जण आपल्या स्वभावाप्रमाणे कशात तरी गुंतलाय, की चौघांच्याही मुठी वळलेल्या आणि तोंडं खलनायकाकडे? दुसरं असेल तर समज की चित्रकार कंटाळला होता, किंवा त्याला वेळ मिळाला नव्हता. बऱ्याचदा दुसरंच. लेखकाला 'सगळे एकदम आत शिरतात' हे लिहायला एक ओळ पुरते. काढणाऱ्याचा दिवस जातो.

घोळक्याचा बादशहा म्हणजे चित्रकार जॉर्ज पेरेझ. 1980 चे 'न्यू टीन टायटन्स', 1985-86 चं 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स', 2003-04 चं 'जेएलए-अ‍ॅव्हेंजर्स', कुठलंही उघड. 2022 मध्ये तो गेला तेव्हा बातम्यांत 'बारकाव्यांचा चित्रकार' म्हणून लिहिलं गेलं. ते खरंच, पण बारकावे पुष्कळांना जमतात. पेरेझच्या घोळक्यात दोन माणसांची उंची सारखी नसते, बांधा सारखा नसतो, उभं राहायची ढब सारखी नसते. टायटन्समध्ये स्टारफायरच्या केसांचा लांब झोत, सायबॉर्गचा अवजड धातूचा देह, चेंजलिंग तर प्राण्याच्या रूपात. चेहरा दिसला नाही तरी कोण कुठं आहे ते कळतं.

हे तपासायला एक साधी युक्ती आहे. कोल्हापुरात कुठल्याही चित्रकला महाविद्यालयात शिकलेल्या पोराला विचार, रंकाळ्यावर निसर्गचित्राला बसवलं की सर पहिलं काय सांगतात. डोळे बारीक कर. बारीकसारीक तपशील पुसले जातात आणि फक्त गडद-फिकट आकार उरतात. कॉमिकचं पान समोर धर आणि तसंच डोळे बारीक करून बघ. प्रत्येक नायकाचा आकार वेगळा ओळखू आला तर मांडणी पास. सगळे मिळून एकच काळा गोळा झाला तर रेघ कितीही देखणी असो, तुझी 'गर्दी जास्त' ही तक्रार बरोबर आहे आणि आता तिला पुरावाही आहे.

पोशाखांचंही तेच. 1963 च्या पहिल्या 'एक्स-मेन'ना सारखे निळे-पिवळे गणवेश होते. शाळेची पोरं म्हणून गोष्टीला ते शोभायचंही, पण मारामारीत कोण कोण ते शोधावं लागायचं. 1975 मध्ये कॉक्रमने प्रत्येकाला वेगळा आकार दिला: शेपटी, झगा, टोकदार मुखवटा, लोखंडी छाती. जुन्या छपाईत रंग मोजके मिळायचे, म्हणून पोशाख ठसठशीत लाल-निळे-पिवळे. ती अडचणच पुढं टीमच्या कॉमिकला उपकारक ठरली. आज कलरिस्टकडे, म्हणजे रंग भरणाऱ्याकडे, लाखो छटा आहेत आणि कधी कधी तो सगळं पान संध्याकाळच्या नारिंगीत बुडवून टाकतो. मग लाल पोशाखाचा कोण आणि पिवळ्याचा कोण हे कळेनासं होतं. वातावरण छान, माणसं हरवलेली. हे बघ आणि लिही. कलरिस्टबद्दल कुणी बोलत नाही, बोललं पाहिजे.

आपल्या गावाला हे सगळं नवं नाही बरं का. बाबूराव पेंटर 1917 च्या आसपास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी करत होते तेव्हापासून चित्रकारच इथं सिनेमाची दृश्यं मांडत आले. पोशाख, हालचाली, पात्रं यांची रेखाटनं आधी करून मग चित्रीकरण, ही त्यांची पद्धत. आपल्या चित्रपटांची पोस्टरं ते स्वतः रंगवायचे. दरबारात दहा माणसं उभी करायची आणि नजर नेमकी एकावर न्यायची, हे काम आपल्याकडं शंभर वर्षं चालत आलंय. कॉमिक वाचताना ती नजर वापरायला लाजू नको.

आता संवादाचे फुगे. इंग्रजी असो की मराठी, आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. म्हणजे जो आधी बोलणार तो डावीकडे उभा पाहिजे. दोघांच्या दृश्यात हे सोपं. सहा जण एकाच खोलीत बोलत असतील तर चित्रकाराला आधीच ठरवावं लागतं कोण कुठल्या क्रमाने तोंड उघडणार. नाही ठरवलं तर फुग्यांच्या शेपट्या एकमेकांना ओलांडतात आणि लेटररला, म्हणजे फुग्यांतली अक्षरं लिहिणाऱ्याला, कसरत करावी लागते. 'फँटास्टिक फोर' आणि 'एक्स-मेन' काढणाऱ्या मार्व्हल कंपनीच्या जुन्या पद्धतीत तर आधी फक्त कथासूत्र, मग चित्रं, आणि संवाद शेवटी लिहिले जायचे. कोण कुठं उभा हे चित्रकाराने ठरवून टाकलेलं असायचं आणि नंतर लेखकाने तिथं शब्द ओतायचे. क्लेअरमाँटच्या एक्स-मेनमध्ये शब्द किती ते तू बघितलं असशील. तरी ती पानं वाचता येतात, याचं मोठं श्रेय टॉम ओर्झेकोवस्की या लेटररला. कधी फक्त फुगेच वाचत पानावरून नजर फिरव. नजर वाटेत महत्त्वाच्या चेहऱ्यांवरून गेली तर काम चोख झालंय.

(मराठीत टीमची चित्रकथा काढायची कुणाच्या डोक्यात असेल तर एक सूचना: आपल्या अक्षरांना वर मात्रा-रफार आणि खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत जास्त अंतर लागतं. इंग्रजीत पाच ओळी बसतात त्या फुग्यात आपल्या चारच बसतात. पॅनलचा वरचा तिसरा हिस्सा मोकळा ठेवा आणि एका पॅनलमध्ये तिघांपेक्षा जास्त जणांना बोलायला लावू नका.)

तर मग तुमच्या भांडणाचा अंक, 'जस्टिस लीग अनलिमिटेड'चा पहिला. मार्क वेडने लिहिलेला, डॅन मोराने काढलेला, टॅम्रा बॉनव्हिलेनने रंगवलेला, नोव्हेंबर 2024 चा. डोळे बारीक करायची परीक्षा मोरा सहज पास होतो. त्याच्या आकृत्या हवेत असल्या तरी वजनदार वाटतात आणि मागच्या रांगेतल्या नायकालाही काहीतरी हालचाल असते. रंगही पोशाखाला मारत नाहीत. म्हणजे तुझे मित्र बरोबर.

पण तू चूक नाहीस. या मालिकेची कल्पनाच अशी आहे की लीगमध्ये आता सात-आठ नव्हे, जवळपास सगळेच. गर्दी हाच विषय. वेड तीन दशकांपेक्षा जास्त काळ हे काम करतोय, त्याला वाचकाचा जीव घाबरणार हे माहीत आहे. म्हणून त्याने एअर वेव्ह नावाचा एक दुय्यम, कुणाच्या फारसा लक्षात नसलेला पोरगा पुढं केला आणि त्याच्या नजरेने आपल्याला सगळं मुख्यालय दाखवलं. हा पाचवा मार्ग, नवख्याच्या डोळ्यांनी टीम दाखवायची. 1980 मध्ये एक्स-मेनमध्ये किटी प्राइड आली ती याच कामासाठी. वाचकाइतकंच त्या पात्रालाही काही माहीत नसतं, म्हणून त्याला समजावलेलं आपल्यालाही समजतं. शेवटच्या पानावर काय होतं ते इथं फोडत नाही, अजून वाचायचे राहिलेले असतील. तू मात्र ते पान वाचून झाल्यावर परत मागं जा आणि तो पोरगा प्रत्येक पॅनलमध्ये काय बघतोय, कुणाशी काय बोलतोय, ते तपास. तुला पहिल्यांदा नुसती गर्दी वाटलेल्या दोन-तीन जागा वेगळ्या दिसतील.

माझं मत विचारशील तर पहिला अंक म्हणून तो चांगला आहे, टीमची गोष्ट म्हणून अर्धा. ओळख एअर वेव्हशी होते, लीगशी नाही. कोण कुणावर चिडतं, कोण कुणाला टाळतं, हे या अंकात फार थोडं. ते पुढच्या अंकांवर ढकललंय. तुझी तक्रार इथं नेमकी बसते: 'आकृत्या ओळखू येतात, नाती ओळखू येत नाहीत.' असं लिहिलं असतंस तर त्या दोघांना उत्तर द्यायला अंक परत उघडावा लागला असता.

'एक्स-मेन'चा 2024 चा नवा पहिला अंक शेजारी ठेव. जेड मॅकेचं लेखन, रायन स्टेगमनची चित्रं. इथं उलटं धोरण: एक गाव, अलास्कातलं; सेंटिनेल नावाच्या यंत्रमानवांचा एक जुना कारखाना; आणि टीम मोजकी. सायक्लॉप्स, बीस्ट, मॅजिक, सायलॉक, किड ओमेगा, टेम्पर, जगरनॉट आणि खुर्चीत बसलेला मॅग्नेटो. आकार बघ. एका टोकाला भिंतीएवढा जगरनॉट, दुसऱ्या टोकाला बसलेला म्हातारा, मध्ये केसाळ निळा बीस्ट. चित्रकाराला अर्धं काम टीम निवडतानाच करून दिलंय. स्टेगमनची रेघ मला कधी कधी फार ताणलेली वाटते, चेहऱ्यावर शांतपणा क्वचित असतो. पण टीमचं पुस्तक म्हणून पहिल्या अंकात हा जास्त पक्का उभा राहतो. तुझ्या ग्रुपवर यावरून अजून एक वाद पेटेल, पेटू दे.

चेहऱ्यांचा विषय निघाला म्हणून: 1987 च्या 'जस्टिस लीग'च्या पहिल्या अंकाचं केव्हिन मॅग्वायरने काढलेलं मुखपृष्ठ शोधून बघ. सगळी टीम दाटीने उभी आणि मान वर करून थेट तुझ्याकडे बघतेय. मारामारी नाही, उड्या नाहीत. नुसत्या चेहऱ्यांवरून कोण उद्धट, कोण वैतागलेला, कोण गंभीर ते कळतं. नंतर कित्येकांनी त्या चित्राच्या नकला केल्या.

वाचायची पद्धतही बदल. तुम्ही पोरं फोनवर एकेक पॅनल मोठा करून वाचता. त्यात पान नावाची गोष्टच मरते. चित्रकाराने अख्खं पान एकत्र बघितलं जाणार असं धरून मांडलेलं असतं. मोठा पॅनल मोठा का, बारका बारका का, हे शेजारी दिसल्याशिवाय कळत नाही. छापील अंकात धक्का बहुतेक वेळा पान उलटल्यावर येतो, म्हणजे डाव्या हाताच्या पानावर, आणि उजव्या पानाच्या तळाला त्याची चाहूल ठेवलेली असते. पॅनल-पॅनलने वाचलं की हे सगळं सपाट होतं. कॉलेजच्या लायब्ररीतला कॉम्प्युटर वापर, टॅब उभा धर, काहीही कर, पण पहिल्या वाचनाला पूर्ण पान बघ. मार्व्हलच्या सदस्यत्वाच्या ॲपवर नवे अंक साधारण तीन महिन्यांनी येतात. तोवर गाजावाजा ओसरलेला असतो, ते चांगलंच.

गाजावाज्याबद्दल एवढंच सांगतो. 1991 च्या नव्या 'एक्स-मेन' मालिकेच्या पहिल्या अंकाच्या ऐंशी लाखांच्या आसपास प्रती छापून विकल्या गेल्या, वेगवेगळी मुखपृष्ठं काढून. जिम लीची चित्रं. तिसऱ्या अंकानंतर सोळा-सतरा वर्षं एक्स-मेनचं लेखन सांभाळणारा क्लेअरमाँट बाहेर पडला, आणि थोड्याच दिवसांत जिम ली सुद्धा इतरांबरोबर इमेज कॉमिक्स काढायला गेला. खपावरून अंकाबद्दल काही सिद्ध होत नाही. मृत्यूवरूनही नाही. 1980 मध्ये जुन्या 'एक्स-मेन'च्या 137 व्या अंकात टीममधली जीन ग्रे मेली. त्याआधी फिनिक्सच्या रूपात तिने एक अख्खा वस्तीचा ग्रह संपवला होता आणि संपादक जिम शूटरचा आग्रह होता की याची किंमत दिसली पाहिजे. 1986 मध्ये ती परत आली. तरी तो अंक टिकला, कारण त्या मृत्यूने बाकीच्या टीमचं वागणं बदललं. पुढच्याच अंकात सायक्लॉप्स टीम सोडून गेला. नव्या अंकात कुणी मेलं की 'हा परत येणार' असं लिहून मोकळं होऊ नको. मागे राहिलेले काय करतात ते बघ.

आता प्रतिक्रिया लिहिताना. अंक दोनदा वाच. एक पान निवड, सगळ्यात भारी वाटलेलं नको, जिथं तू अडखळलास ते. तिथं कोण कुठं उभं आहे, कोण आधी बोलतं, रंग काय करतोय, एवढं चार ओळींत लिही. मग अंकाबद्दलचं मत. कुणाचं आवडतं पात्र कमी दिसलं म्हणून अंक वाईट होत नाही. ग्रुपमध्ये निम्मी भांडणं याचीच असतात. 'बॅटमॅनला काही कामच नाही' ही तक्रार मला तर कौतुक वाटते.

वाचकांचं मत वाया जातं असंही समजू नको. 1961 मध्ये जेरी बेल्स या वाचकाने 'ऑल्टर इगो' नावाचं चाहत्यांचं नियतकालिक सुरू केलं, जुन्या जस्टिस सोसायटीच्या आणि नव्या लीगच्या प्रेमापोटी. त्याच्याबरोबर लिहिणारा एक तरुण शिक्षक होता, रॉय थॉमस. तो पत्रं लिहून लिहून संपादकांना भंडावायचा. 1966 पासून सहा वर्षं 'अ‍ॅव्हेंजर्स' त्यानेच लिहिलं. टीमच्या अंकात काय फसतं हे त्याला वाचक म्हणूनच आधी कळलेलं होतं.

राहिला नागराज-ध्रुवचा प्रश्न. लागू होतं, पण हिशोब वेगळा. राज कॉमिक्सच्या 'ब्रह्मांड रक्षक' टीमच्या गोष्टी जाड विशेषांकांतून आल्या; नागराज, ध्रुव, परमाणू, शक्ती एकत्र आले तरी माणशी पॅनल जास्त मिळायचे. शिवाय अनुपम सिन्हा लिहितोही आणि काढतोही. 'सगळे एकदम आत शिरतात' ही ओळ लिहिणाऱ्यालाच ते काढायचं असलं की तो आपोआप दोघांनाच दारातून आत पाठवतो. त्या अंकांत फुगे मात्र फार, पात्रं आपण काय करतोय ते स्वतःच सांगत बसतात, आणि छपाईत रंग सांडलेले असतात. डोळे बारीक करायची परीक्षा त्यावरही करून बघ. ध्रुवचा निळा-पिवळा पोशाख आणि नागराजचं हिरवं अंग, एवढ्या दोन गोष्टींवर कितीतरी गर्दीची पानं तरली आहेत. स्टँडजवळच्या रद्दीवाल्यांकडे अजून असा एखादा विशेषांक निघतो. मुखपृष्ठ फाटकं असलं तरी घे, फक्त मधली पानं सगळी आहेत का ते मोजून घे.